जगात जर्मनी, भारतात परभणी. मग फ्रान्सनं काय घोडं मारलंय?

मुंबईतल्या एका सभागृहात मध्यंतराला कॉफीच्या रांगेत उभा होतो. पुढच्या गृहस्थांनी सहज विचारलं, कुठून आलात? म्हटलं, परभणीहून. ते जरा थांबले आणि म्हणाले, "अरे वा! खास यासाठी?" त्या 'अरे वा'त कौतुक होतं, नाही असं नाही. पण सर्कशीत सायकल चालवणाऱ्या अस्वलाचं आपण जसं कौतुक करतो, त्या जातीचं होतं.

आदल्या रात्री परभणी स्टेशनवर देवगिरी एक्सप्रेसची वाट बघत होतो, तेव्हा सोडायला आलेला मित्र म्हणाला होता, "कामून जायलास बे इतक्या लांब? चार जणं बसून व्हायोलिन वाजवणार, ते ऐकायला साडेपाचशे किलोमीटर? यूट्यूबवर फुकट आहे की."

मुंबईचे ते गृहस्थ आणि माझा मित्र एकमेकांना ओळखत नाहीत. उद्या भेटले तर एकमेकांशी काय बोलावं हेही त्यांना सुचायचं नाही. पण एका बाबतीत दोघांचं घट्ट एकमत आहे: हे संगीत परभणीच्या माणसासाठी नाही. एकाला वाटतं परभणी त्या संगीताच्या लायकीची नाही, दुसऱ्याला वाटतं ते संगीत परभणीच्या कामाचं नाही. हे एकमत खोटं आहे, आळशी आहे आणि आपलं नुकसान करणारं आहे, एवढंच मला सांगायचंय.

आधी, ते होतं काय?

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. व्हियोला म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या आवाजाची बहीण; चेलो गुडघ्यांत धरून वाजवतात. माईक नाही, मंचावर काठी हलवणारा कंडक्टर नाही. चार माणसं अर्धवर्तुळात बसतात, एकमेकांच्या डोळ्यांकडे बघतात, एक जण श्वास घेतो आणि चौघं एकदम सुरू होतात. हे मुळात घरातल्या खोलीत वाजवायचं संगीत, म्हणून नावच चेंबर म्युझिक. आपल्याकडे याला जवळचा शब्द शोधायचा तर तो 'बैठक' आहे.

त्या दिवशी दोन रचना होत्या, दोन्ही फ्रेंच. पहिली क्लोद देब्युसीची, १८९३ सालची. दुसरी मॉरिस राव्हेलची, १९०४ साली पहिल्यांदा वाजलेली. दोघांनीही आयुष्यात एकेकच क्वार्टेट पूर्ण केलं. देब्युसी तेव्हा एकतीस वर्षांचा होता, राव्हेल अठ्ठावीसचा. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वयाचे.

देब्युसीचं क्वार्टेट सुरू होतं आणि पहिल्या काही सेकंदांतच कान टवकारतात. कारण त्या सुरावटीत षड्जाला लागून कोमल रिषभ येतो. पाश्चात्त्य संगीतात त्या स्वरमालेला 'फ्रिजियन' म्हणतात. आपल्याकडे तेच सूर भैरवी थाटाचे. राग भैरवी नव्हे, गैरसमज नको. पण ज्यानं आयुष्यभर भजनाच्या शेवटी भैरवी ऐकली आहे, त्याला हे सूर परके वाटूच शकत नाहीत. तीच सुरावट पुढे रूप बदलून परत येते. दुसऱ्या भागात व्हियोला ती पुन्हा पुन्हा घोळवत राहतो आणि बाकीचे गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात. तिसऱ्या भागात तारांवर म्यूट चढवतात आणि आवाज असा होतो की शेजारच्या खोलीत कुणीतरी हळू बोलतंय. राव्हेलच्या दुसऱ्या भागाची सुरुवातही अशी बोटांनी छेडलेल्या तारांचीच. पावसाच्या पहिल्या सरीनं पत्रा वाजावा तशी.

यातलं काय कळायला मुंबईचा पिनकोड लागतो, ते मला अजून कळलेलं नाही.

पॅरिस तेव्हा परभणीच होतं

आपल्याकडे एक म्हण प्रत्येक पोराला पाठ असते: जगात जर्मनी, भारतात परभणी. तिचा उगम कुणी काही सांगो, आपण ती छाती फुगवून म्हणतो. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात स्ट्रिंग क्वार्टेटच्या बाबतीत फ्रान्सचीही हीच म्हण होती, फक्त अर्धी. जगात जर्मनी, बस्स.

क्वार्टेट म्हणजे हायडन, मोझार्ट, बेथोवेन, शुबर्ट. सगळे जर्मन भाषिक. पॅरिसला वेड ऑपेराचं. नाव कमवायचं तर ऑपेरा लिहा, पैसा कमवायचा तर ऑपेरा लिहा. चार वाद्यांचं गंभीर संगीत लिहिणं हे तिथं बेभरवशाचं काम होतं आणि बेथोवेनच्या सावलीची भीती तर एवढी, की सेझार फ्राँकनं आपलं एकमेव क्वार्टेट लिहिलं ते सत्तरीला टेकल्यावर. गॅब्रिएल फोरेनं पहिलं आणि शेवटचं क्वार्टेट पूर्ण केलं १९२४ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. त्यानंतर काही आठवड्यांत तो गेला.

मग हे बदललं कसं? फ्रान्स जर्मनांकडून युद्धात हरला आणि लगेच, फेब्रुवारी १८७१ मध्ये, काही संगीतकारांनी पॅरिसमध्ये एक मंडळ काढलं: सोसिएते नासिओनाल द म्युझिक. सॅ-साँस हा त्यातला पुढाकार घेणारा एक. उद्देश साधा: आपल्या माणसांनी लिहिलेलं नवं संगीत वाजवलं जावं, ऐकलं जावं. देब्युसीचं क्वार्टेट २९ डिसेंबर १८९३ रोजी याच मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा वाजलं. राव्हेलचंही ५ मार्च १९०४ रोजी याच मंडळात.

'बघा, तेही आधी आपलंच म्हणत होते' असं म्हणणाऱ्यांसाठी पुढची गोष्ट. सुरुवातीला या मंडळात फक्त फ्रेंच रचना वाजायच्या. १८८६ साली सभासदांनी ठरवलं की परदेशी संगीतही वाजवायचं. सॅ-साँसला ते इतकं झोंबलं की त्यानं मंडळ सोडलं. मंडळ बुडालं नाही. देब्युसी आणि राव्हेल ही दोन क्वार्टेट्स तिथं आली ती दार उघडल्यानंतरच्या काळात. आणि देब्युसीनं स्वतः १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावा बेटावरचं गॅमेलन ऐकलं होतं आणि तो त्यानं भारावून गेला होता. ज्याला आपण आज 'अस्सल फ्रेंच' म्हणतो, त्याचे कान असे घडले होते. बाहेरचं ऐकल्यानं आपलं बाटतं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तुमच्या भजनातला फ्रेंच पाहुणा

आता परभणीत येऊ.

गंगाखेडला गोदावरीच्या काठी जनाबाईच्या गावात भजनाला बसा. समोर काय असतं? पेटी. उरुसात तुराबुल हक दर्ग्यावर कव्वाली ऐका. पेटी. भीमजयंतीला वामनदादांची गाणी गाणाऱ्या पार्टीसमोर बसा. तिथंही पेटी. परभणी जिल्ह्यात असं एकही गाव नसेल जिथं पेटी पोचली नाही.

ही पेटी म्हणजे हार्मोनियम, अलेक्सांद्र दबँ नावाच्या माणसानं १८४२ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतलेलं वाद्य. ते पायानं हवा भरायचं होतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचं हातानं भाता मारायचं रूप केलं, कारण आपण जमिनीवर बसून गातो. शुद्धतेच्या रखवालदारांनी तेव्हाही आरडाओरडा केलाच. ऑल इंडिया रेडिओनं १९४० पासून पुढची तीस वर्षं हार्मोनियमवर बंदी घातली होती. परदेशी, मींड न येणारं, आपल्या संगीताला न शोभणारं म्हणून. भजनी मंडळांनी त्या बंदीला विचारलंसुद्धा नाही. आज पेटीवाल्या बुवांना 'तुमचं वाद्य फ्रेंच आहे' असं सांगून बघा, हसतील.

म्हणजे दिल्लीत बसलेल्या जाणकारांपेक्षा आपल्या खेड्यातल्या बुवांचा कान मोठा होता. मग आज आपणच त्या जाणकारांसारखं 'हे आपलं नाही' का म्हणायलो?

आणखी एक पाहुणा ऐका. परभणी आकाशवाणी, मध्यम लहरी, १३०५ किलोहर्ट्झ. आपल्या आज्यांचा दिवस ज्या धूननं सुरू व्हायचा ती आठवा. तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. ती धून वॉल्टर कॉफमन या माणसाची मानली जाते. तो आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाडचा ज्यू संगीतकार. युरोपात नाझींचं सावट पसरत असताना १९३४ मध्ये तो मुंबईला आला आणि त्यानं लगेच काय काढलं? बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी. त्याच्यासोबत व्हायोलिन वाजवायला होते मेहली मेहता, म्हणजे कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील, ज्यांनी पुढे १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं. कॉफमन १९३७ ते १९४६ मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीत विभाग सांभाळत होता.

म्हणजे चेंबर म्युझिकवाला माणूस परभणीच्या माजघरात कधीच येऊन गेलाय. रोज सकाळी यायचा. आपण त्याला नाव विचारलं नाही एवढंच.

याच कॉफमननं लिहून ठेवलंय की भारतीय संगीताच्या तबकड्या त्यानं पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला काहीच कळलं नव्हतं. पण त्यानं असा विचार केला की हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी केलंय, लाखो लोक त्यावर प्रेम करत असणार. म्हणजे खोट माझ्यात आहे, संगीतात नाही. आणि ते शिकायला तो त्याच्या मूळ भूमीत आला. या एका वाक्यापुढे मला आपली सगळी 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' ही नम्रता ढोंगी वाटते. ती नम्रता नाही. ते न ऐकायचं निमित्त आहे.

'इथं पाणी नाही आणि याला क्वार्टेट पाहिजे'

हा आक्षेप येणारच, आणि तो माझ्याच घरातून येतो, म्हणून त्याला टाळून पुढे जाणार नाही. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्याकडेही त्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगा सगळ्यांनी बघितल्या आहेत. कापूस, सोयाबीनचे भाव, आत्महत्या. यादी मला तुमच्याइतकीच पाठ आहे.

पण हा प्रश्न फक्त काही गोष्टींनाच का विचारला जातो? लग्नात डीजेच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा पाणी आठवत नाही. नेत्याच्या वाढदिवसाला चौकाचौकात फ्लेक्स लागतात तेव्हा सोयाबीनचा भाव कुणी काढत नाही. चार माणसं चार खुर्च्यांवर बसून तासभर वाजवणार म्हटलं की मात्र अचानक दुष्काळ आठवतो. खर्चाचा हिशेब केला तर यापेक्षा स्वस्त कार्यक्रम सापडणार नाही. साउंड सिस्टिम नको, एलईडी पडदा नको, जनरेटर नको. वीज गेली तरी वाजवता येईल.

आणि दुष्काळी माणसाला फक्त पाणीच लागतं, हे कुणी ठरवलं? जातं ओढणाऱ्या जनाबाईनं पोट भरल्यावर अभंग रचले नाहीत. दळता दळता रचले. 'आधी विकास, मग कला' हा क्रम मराठवाड्याला बाहेरून सांगितला गेलाय आणि आपण तो मान खाली घालून पाठ केलाय. विकास येईपर्यंत काय ऐकायचं ते मात्र दुसरेच ठरवतात, आणि फार मोठ्यानं वाजवतात.

दुसरा आक्षेप: येणार कोण? २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या पुढे होती. चेंबर म्युझिकला चाळीस माणसं पुरतात. कृषी विद्यापीठ आहे, कॉलेजं आहेत. युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगान नावाचा प्रकार असतो, त्यासाठी आपलीच पोरं कुठून कुठून व्हिडिओ बघून तयारी करतात. तीन लाखांत चाळीस कान सापडणार नाहीत असं म्हणणं हा परभणीचा अपमान आहे. तो अपमान मुंबईच्या गृहस्थांनी केला तर राग येतो. आपण रोज करतो त्याचं काय?

आता मुंबई-पुण्याकडे वळतो

कारण दोष एकट्या आपला नाही.

त्या मैफलीत देब्युसीचा दुसरा भाग संपला, त्या छेडलेल्या तारांचा, आणि मी टाळी वाजवली. न राहवून. मला आपल्याकडची सवय. जागा आवडली की दाद द्यायची. दोन रांगा पुढून तीन माना वळल्या. शेजारच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. नियम असा की चारही भाग संपल्याशिवाय टाळी नाही. मी कानकोंडा झालो, आणि पुढचा भाग, तो सगळ्यात हळुवार भाग, मला नीट ऐकूच आला नाही, कारण मी माझ्या हातांकडे लक्ष ठेवून बसलो होतो.

परत येताना गाडीत वाचत होतो. १७७८ मध्ये मोझार्टनं पॅरिसमध्ये एक सिम्फनी सादर केली, तेव्हा पहिल्या भागाच्या मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोझार्टनं वडिलांना पत्र लिहिलं, तक्रारीचं नव्हे, आनंदाचं. ती जागा आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. म्हणजे भागांमध्ये गप्प बसण्याची शिस्त ही संगीताच्या पोटातली नाही, ती नंतर चढवलेली आहे. शांतता मला मान्य आहे, वाजत असताना तर हवीच. पण ती शांतता आत येणाऱ्याची परीक्षा घ्यायला वापरली, तर ती शिस्त राहत नाही, दारावरचा वॉचमन होते.

महाराष्ट्रात हे संगीत दाक्षिण मुंबई आणि पुण्याची काही सभागृहं यांच्या पलीकडे क्वचितच जातं. परदेशातून कलाकार येतात, दोन शहरांत वाजवतात, विमानानं परत जातात. वर आयोजक म्हणतात, श्रोतावर्ग वाढत नाही, तरुण येत नाहीत. अहो, तरुण इकडे आहेत. तुम्ही रात्रीच्या एका गाडीनं या. ज्या श्रोत्यांना तुम्ही कधी विचारलंच नाही, त्यांच्या नावानं उसासे टाकू नका.

आणि यूट्यूब?

मित्राचा प्रश्न राहिला. फुकट आहे की.

आहे. राव्हेलचं क्वार्टेट अर्ध्या तासाचं आहे. आजच्या आज कानात घालून ऐका, मी तेच सांगेन. मीही तिथंच सुरुवात केली. पण फोनमध्ये मला कळलं नव्हतं की व्हियोलावाला चेलोकडे बघून किंचित मान हलवतो तेव्हाच लय बदलते. गज तारेला लागायच्या आधीचा श्वास ऐकू येत नव्हता. चार माणसं एकमेकांचं ऐकत वाजवतात, कुणी कुणाचा मालक नाही, एकाला सूर हवा असेल तेव्हा बाकीचे तीन आवाज खाली आणतात. हे समोर बसून बघितल्यावर मला संगीताबद्दल कमी आणि आपल्या ग्रामसभांबद्दल जास्त विचार करावासा वाटला. ज्या पिढीला चोवीस तास कुणी ना कुणी मोठ्यानं ओरडून काहीतरी विकतंय, तिला खालच्या आवाजात चाललेलं चौघांचं बोलणं ऐकायचा हक्क आहे. तो हक्क साडेपाचशे किलोमीटरवर ठेवणं मला मान्य नाही.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. बी. रघुनाथांच्या नावाचं सभागृह परभणीत आहे. तेही मोठं वाटलं तर कॉलेजचा एखादा हॉल, एखाद्या वाड्याची ओसरी चालेल. चार बिनहाताच्या खुर्च्या, चार स्टँड, उजेड. तिकीट चहा-भज्यांच्या किमतीचं. टाळी कधी वाजवायची यावर कुणी बोट वर करणार नाही. पहिल्यांदा आमच्या भजनी मंडळानं पेटीवर एक भैरवी म्हणायची आणि मग देब्युसी सुरू करायचा, म्हणजे कोण कुणाचा पाहुणा हे आपोआप कळेल.

उन्हाळ्यात मात्र येऊ नका. मे महिन्याच्या उन्हात इथं माणूस तग धरतो, लाकडी वाद्याचं सांगता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत या. चेलोला गाडीत स्वतंत्र बर्थ लागेल. त्याचं तिकीट आम्ही काढतो.